बारा वाजताची सही

वारजे, पुणे
सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४

प्रिय रुपाली,

सप्रेम जयभीम एवढं लिहून दहा मिनिटं नुसती बसून आहे. आपण दोघींनी एकमेकींना कधी पत्र लिहिलेलं नाही. तशी वेळच आली नाही. नर्सिंगला असताना एका खोलीत दोन कॉट, नोकरीला लागल्यावर एका वॉर्डात दोन खुर्च्या. आता तू माझा नंबर ब्लॉक केलायस आणि तुझी आई "थे घरी नाही" म्हणून फोन ठेवून देते. शेवटी तुझ्या भावाच्या लग्नपत्रिकेवरून रिसोडचा पत्ता शोधला. रजिस्टर करतेय, म्हणजे पोचल्याचं कळेल.

आधी चांगली बातमी. हिंमतराव आयसीयूतून बाहेर आले. जिवाचा धोका टळला असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात अजून उचलत नाही आणि बोलताना शब्द सापडत नाहीत. पाणी हवं असलं की "चप्पल" म्हणतात. त्यांची बायको, मालनबाई, पुढे पेला धरते आणि म्हणते, "घ्या चप्पल." दोघं हसतात. मी तिथून निघून जाते.

इन्सुलिन तू टोचलंस म्हणून चौकशी होईपर्यंत तुला घरी बसवलं आणि मला कामावर ठेवलं, याचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं.

आता कामाचं. समिती नेमलीय. अधीक्षक, मेट्रन मॅडम आणि बाहेरचे एक डॉक्टर. तारीख अठ्ठावीस, बुधवार, सकाळी अकरा. तुलाही पत्र येईल. यायला जमलं नाही तर लेखी जबाब चालतो म्हणे. घाबरू नकोस, जे झालं तेच सांगायचं. मंगळवारी, सहा तारखेला, सकाळच्या पाळीला आपण दोघी वॉर्डात होतो. बारा वाजता जेवणाआधीचं इन्सुलिन तू भरलंस. मी समोर उभं राहून दुसरी तपासणी केली आणि सही केली. सव्वीस पेशंट, दोन सिस्टर, दोघींच्याही नजरेतून निसटलं. एवढंच. जास्त काही बोलू नकोस, कमीही बोलू नकोस.

बाकी घरी नेहमीचं. तेजसची हिंजवडीची बस पावणेसातला येते, माझी पाळी साडेसातची, त्यामुळे मुक्ताला शाळेसाठी सासूबाई तयार करतात. ती रोज सकाळी मला विचारते, "आई, आज तू दवाखान्याची का कॉलेजची?" पाच वर्षांची आहे, पण प्रश्न बरोबर जागी लागतो. बी.एस्सी. नर्सिंगचं हे शेवटचं वर्ष, जूनमध्ये परीक्षा. ती झाली की कॉलेजात शिकवायची, ट्यूटरची जागा मिळेल आणि संध्याकाळी पाचला माणसासारखी घरी येईन असं मी तिला सांगून ठेवलंय.

मी घाबरलेले नाही. फक्त जेवणाचा डबा रोज तसाच परत येतो.

वाचून झालं की पत्र फाडून टाक.

तुझी
कल्याणी


वारजे
रविवार, १८ फेब्रुवारी

प्रिय रुपाली,

काल पोचपावती आली. त्यावर चौदा तारीख आणि तुझी सही. तुझं ते वेलांटी मागे ओढून लिहिलेलं नाव बघितलं आणि तिथेच पायरीवर बसले. म्हणजे पत्र तू घेतलंस, वाचलंस. वाचून तुला काय वाटलं असेल याचा विचार मी काल दुपारपासून करतेय.

मी काय लिहिलं होतं? समोर उभं राहून तपासणी केली. रुपाली, त्या वेळी मी वॉर्डात नव्हतेच. हे मी तुला सांगतेय, जिला हे माझ्याइतकंच माहीत आहे. तरी ते पत्र लिहिताना माझा हात एकदाही अडला नाही. खोटं बोलायचा सराव करायला मला दुसरं कुणी सापडलं नाही, तूच सापडलीस.

आता एकदा खरं लिहिते, मनात तरी नीट लागू दे.

त्या दिवशी कॉलेजची अंतर्गत परीक्षा होती, दहा ते साडेबारा. आठवडाभर आधी लेखी रजा मागितली होती. मेट्रन मॅडम म्हणाल्या, "दोघी आधीच रजेवर आहेत. तिसरी गेली तर वॉर्ड मी चालवू का?" मी रडवेली झाले, आणि तू पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणालीस, "जाय वं तू. मी हाओ ना इथं." कॉलेज काय, रस्ता ओलांडला की आलं. साडेसातला मी हजेरीचा अंगठा लावला, सकाळची औषधं दिली आणि साडेनऊला मागच्या जिन्याने उतरले.

उतरायच्या आधी इन्सुलिनच्या तक्त्यावर बारा वाजताच्या चौकटीत सही करून ठेवली. "दुसरी तपासणी" असं ज्या चौकटीवर लिहिलेलं असतं, त्या सगळ्या सातही चौकटींत. मधे कुणी फिरकलं तर रिकामी दिसायला नको म्हणून. असं आपण पहिल्यांदा केलं नाही. सगळेच वॉर्ड करतात. दोघींनी बाटली आणि सिरिंज डोळ्यांनी बघायची, मग सही करायची, हे आपण विद्यार्थिनींना शिकवतो आणि त्यांची पाठ वळली की आगाऊ सह्या मारतो.

सासूबाईंनी विचारलं, "अगं, पण झालं काय नेमकं?" मी त्यांना असं समजावलं. इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या येतात. साध्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, कडक बाटलीला नारिंगी टोपणाची. कडक औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं, तर आकडा चोवीसचा दिसतो आणि आत साठ जातात. त्यातून पेशंट म्हातारा, मूत्रपिंडं कमजोर, आणि त्या दिवशी जेवला दोनच घास; रक्तातली साखर एकदम उतरली आणि शुद्धच गेली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग दुसरी काय करत होती?" दुसरी म्हणजे मी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी भाजी परतत राहिले.

मला भीती कसली वाटते सांगू? परीक्षेच्या हजेरीपटावर माझी सही आहे, वेळेसकट. तक्त्यावर माझी सही आहे, वेळेसकट. एकाच बारा वाजता मी दोन ठिकाणी आहे. कॉलेज आणि हॉस्पिटल एकाच ट्रस्टचं. कुणीतरी ते दोन कागद शेजारी ठेवायची खोटी, नोकरी जाईल, कॉलेजातून नाव जाईल, आणि नर्सिंग कौन्सिलकडे तक्रार गेली तर नोंदणीही. ना सिस्टर, ना विद्यार्थिनी.

परवा कॉलेजचे क्लार्क दिगंबर काखेत फाइल घेऊन थेट आपल्या वॉर्डात शिरले. मी लिनन रूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. चादरींच्या ढिगात तोंड खुपसून उभी होते. वीस मिनिटांनी नवीन सिस्टर शोधत आली, "मॅडम, ते सर त्यांच्या आईचा रिपोर्ट दाखवायला आलेत, तुम्हाला नमस्कार सांगितलाय." मी तिला म्हटलं, चादरी मोजत होते. ती म्हणाली, "दार लावून?" पुण्याची आहे ती.

हसलीस का गं? मला हसू आलं नाही.

तू अठ्ठावीसला काय सांगणार आहेस? एवढं एक कळव. दोन ओळी पुरेत. शिव्या असल्या तरी चालतील.

कल्याणी


हॉस्पिटल, कँटीन
गुरुवार, २२ फेब्रुवारी

रुपाली,

तुझं उत्तर नाही. रोज घरी आल्यावर आधी पत्रपेटी बघते. तेजस म्हणतो, "हल्ली पत्रं कुणाला येतात?" मी म्हणते, विजेचं बिल.

हिंमतराव परत आपल्याच वॉर्डात आलेत, खिडकीजवळच्या नऊ नंबरवर. आज सकाळी त्यांना पुसून घेत होते. मालनबाई पलीकडून त्यांचा हात धरून होती. तुला तिची सवय माहीत आहेच, ती पहिल्या दिवसापासून खाटेजवळून हललेली नाही. डबासुद्धा खाटेच्या पायाशी बसून खाते. कुणी काय केलं, कोण कधी आलं, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलेलं.

ती एकदम म्हणाली, "बाई, तुमी त्या दिशी असत्या ना, तर ह्यास्नी असं झालंच नसतं."

माझ्या हातातला टॉवेल बादलीत पडला.

मी म्हटलं, "होते की मी, मावशी."

"न्हाई वो. सकाळच्याला व्हता. मग पार जेवणं झाल्यावर आलात. घामानं डबडबला व्हता. मधी ती एकलीच पोरगी हिकडून तिकडं पळत व्हती. तुमी कुटं गेल्ता?"

काही पाळत ठेवून बोलत नव्हती गं ती. नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी करत साधं विचारलं. मी "ऑफिसात काम होतं" असं काहीतरी पुटपुटले. तिने मान डोलावली आणि मग तुझ्यावर घसरली. "ती मेली टवळी. हातात सुई धरायची अक्कल न्हाई तिला. तिच्या आईबापानं पैसं भरून पास केली असंल." त्या दिवशी वॉर्डात सगळ्यांदेखत ती तुला बोलली तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी होते. तेव्हाही काही बोलले नाही, आजही नाही. उलट तिने चहा पुढे केला. थर्मासच्या टोपणातून, त्यांच्या वाटचा. मी प्यायले.

आता जे लिहायचंय त्यासाठी कँटीनच्या कोपऱ्यातलं टेबल धरलंय.

समितीने नातेवाइकांनाही बोलावलंय. ऑफिसातून निरोप माझ्याकडेच आला, मालनबाईला सांगा म्हणून. मी गेले आणि सांगितलं, "मावशी, बुधवारी ते कागदोपत्री काम आहे. तुमची काही गरज नाही. यांना सोमवारी सोडणारेत ना घरी? मग तुम्ही घरीच थांबा, त्यांच्याजवळ."

ती म्हणाली, "तुमी सांगताय मंजी तसंच."

सोमवारचं तरी कुठे ठरलं होतं? राउंडला डॉक्टर म्हणाले होते, बघू, बुधवार-गुरुवार. मी म्हटलं, सर, यांचं घर वारज्यातच आहे, व्यायाम मी जाऊन शिकवीन. ते म्हणाले, "छान, मग सोमवारी सोडा." वर मला शाबासकी दिली.

रुपाली, आपल्या पूर्ण नोकरीत आपण किती नातेवाइकांना किती गोष्टी लपवायला मदत केली असेल. कॅन्सर लपवला, मृत्यू चार तास लपवला. पण अडाणी बाईच्या विश्वासावर स्वतःची कातडी वाचवायची, हे मी पहिल्यांदा केलं. केलं आणि लगेच दोन वाजताची औषधं वाटली. एकही गोळी चुकली नाही. मला आता त्या सुईपेक्षा माझी भीती वाटते.

क.


वारजे
रविवार, २५ फेब्रुवारी

रुपाली,

काल तेजसला सगळं सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला, उठून दार लावलं, जणू बाहेर कुणी ऐकत होतं. म्हणाला, "अजून कुणाला बोललीस?" मी म्हटलं, रुपालीला लिहिलंय. "लिहिलंयस? हाताने? कल्याणी, तुला वेड लागलंय का?" मग रिमोटचं मागचं झाकण काढत-लावत बसला. शेवटी म्हणाला, "बुधवारपर्यंत तोंड उघडू नकोस. ती काही बोलली तर बघू. तिचं काय, ती एकटी आहे, तिला दुसरीकडे नोकरी मिळेल. आपल्याला मुक्ता आहे."

तो वाईट माणूस नाही. तोही घाबरलाय.

सासूबाई आत पोळ्या लाटत होत्या. त्यांना ऐकू येत नाही असं आम्ही दोघं सोयीने धरून चालतो. रात्री वाढताना म्हणाल्या, "ती रिसोडची पोरगी. मुक्ताच्या वेळी तू बाळंतीण होतीस तेव्हा आठ दिवस इथं राहून गेली. मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही तिने." एवढंच बोलल्या आणि तेजसच्या पानात भात वाढत राहिल्या. तो पुरे पुरे म्हणत होता तरी.

मागच्या रविवारच्या पत्रात मी म्हटलं की सगळं खरं लिहिते. सगळं नव्हतं लिहिलं.

तू आठवून आठवून थकली असशील की नारिंगीच्या ट्रेमध्ये लाल सिरिंज आली कशी. मी तुला ओळखते. तुला वाटत असेल, आपणच गडबडीत चुकीच्या कप्प्यातून उचलली. नाही उचललीस. बरोबर कप्प्यातून उचललीस.

त्या दिवशी सकाळी नऊला स्टोअरमधून सामान आलं ते मी उतरवून घेतलं. नारिंगी संपल्या होत्या, म्हणून त्यांनी लाल टोपणाचा खोका पाठवला होता. मला दिसलं. स्पष्ट दिसलं. मनात म्हटलं, या परत पाठवायला हव्यात, निदान रुपालीला सांगायला हवं. तेव्हा तू सहा नंबरच्या पेशंटचा कॅथेटर काढत होतीस आणि माझ्या डोक्यात परीक्षेचे प्रश्न फिरत होते. ट्रे रिकामा दिसायला नको म्हणून त्या सिरिंजा मी त्यात ओतल्या. सांगू म्हटलं, आणि सह्या मारून निघाले.

बारा वाजता तू सातजणांना टोचणार होतीस. सहाजणांना साध्या बाटलीचं होतं, लाल सिरिंजच लागते, ती तू लालच्या ट्रेमधून घेतलीस. कडक बाटली एकट्या हिंमतरावांची. त्यांच्यासाठी नारिंगीच्या ट्रेमध्ये हात घातलास. त्या ट्रेमध्ये आठ वर्षांत कधी दुसरं काही निघालं नव्हतं. समोर कुणी उभं असतं तर "थांब, टोपण लाल आहे" म्हणालं असतं. त्याचसाठी तर दुसरी सिस्टर असते.

जिन्यावर मला आठवलं होतं. अर्ध्यावर आले होते. घड्याळात नऊ पस्तीस. वर जाऊन सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी खाली उतरले.

त्या पेपरात मला पन्नासपैकी एकेचाळीस मिळाले. शुक्रवारी निकाल लागला. बाईंनी वर्गात नाव घेतलं.

हे पत्र मी टाकेन की नाही मला माहीत नाही. यापुढे तू माझ्याबद्दल काय बोलशील त्याची मला भीती वाटते, आणि तू काहीच बोलणार नाहीस याची जास्त वाटते. आधीची पत्रं फाडली नसलीस तर ठेव. लागलं तर दाखव.

कल्याणी


वारजे
शुक्रवार, १ मार्च

प्रिय रुपाली,

पंचवीस तारखेचं पत्र पाच दिवस पर्समध्ये होतं. टाकायची छाती झाली नाही. या पत्रासोबत एकाच पाकिटात पाठवतेय. आधी ते वाच.

बुधवारी अकराला मीटिंग रूममध्ये गेले. तीन खुर्च्यांवर ते तिघं, समोर एक माझी आणि एक रिकामी, तुझी. गुडघ्यांवर दोन्ही हात दाबून बसले. अधीक्षक म्हणाले, "रुपाली सिस्टरचा जबाब स्पीड पोस्टाने आलाय. तो वाचू, तुम्ही फक्त दुजोरा द्या."

मेट्रन मॅडमनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. तारीख पंधरा फेब्रुवारी. म्हणजे माझं पहिलं पत्र तुला मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

"सकाळच्या पाळीला आम्ही दोघी वॉर्डात होतो. इन्सुलिन मी भरलं. कल्याणी सिस्टरने समोर उभं राहून दुसरी तपासणी केली. सव्वीस पेशंट, दोन सिस्टर..."

माझीच वाक्यं, रुपाली. शब्दाला शब्द. जास्त नाही, कमी नाही. खाली फक्त एक ओळ तुझी होती, "ती सिरिंज मीच चुकीची उचलली असेन, कल्याणीला दोष देऊ नये, तिचं शिक्षण चालू आहे."

इतके दिवस मला वाटत होतं की मी तुझी चौकशी करतेय, तुला धीर देतेय, तुझी माफी मागतेय. मी भीक मागत होते आणि तू ती लगेच पोस्टाने पाठवून दिली होतीस. उत्तर का देत नाहीस म्हणून मी तुझ्यावर चिडत होते, तेव्हा ते उत्तर या फाइलमध्ये पडलेलं होतं.

अधीक्षक म्हणाले, "बरोबर आहे ना, सिस्टर?"

एक हो म्हणायचा होता. तोंडात तयार होता, खरं सांगते. तेजसचा चेहरा डोळ्यांसमोर आला, मुक्ताचा आला. मग "मीच चुकीची उचलली असेन" ही तुझी ओळ. हे तू जन्मभर खरं मानणार होतीस.

मी म्हटलं, "नाही सर. मी तिथं नव्हते."

मेट्रन मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग कुठे होतात?"

"रस्त्यापलीकडे. परीक्षेला. आणि त्या सिरिंजा ट्रेमध्ये मी ठेवल्या होत्या, बघून ठेवल्या होत्या."

बाहेरच्या डॉक्टरांनी विचारलं, "रजा नव्हती घेतली?" मी म्हटलं, मागितली होती, अर्ज मॅडमच्या टेबलावर असेल. मॅडम खिडकीकडे बघायला लागल्या. नातेवाईक का आले नाहीत असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तेही सांगितलं. मालनबाईला मीच येऊ दिलं नाही. अधीक्षक म्हणाले, "लेखी द्या." पहिला कागद माझ्या हाताच्या घामाने खराब झाला, दुसरा मागून घेतला.

तुझं निलंबन उठलेलं नाही. माझं लागलं. ट्रेची आणि आगाऊ सह्यांची सगळ्या वॉर्डांत चौकशी होणार आहे, त्यामुळे सगळ्या सिस्टर माझ्यावर खार खाऊन आहेत. कॉलेजचं पत्र सोमवारी येईल. जूनमध्ये परीक्षेला बसू देतील असं वाटत नाही. तेजस दोन दिवस माझ्याशी फक्त मुक्तामार्फत बोलतोय. भीती गेली असेल असं तुला वाटत असेल, तर नाही गेली. आजही दाराची बेल वाजली की मी आतल्या खोलीत जाते.

काल मी मालनबाईकडे गेले. गणपती माथ्याच्या मागे चाळीत वरच्या मजल्यावर एक खोली आहे. हिंमतराव भिंतीला टेकून बसले होते. मला बघून तिने पाट दिला, चहा ठेवला. चहा हातात आल्यावर मी सांगितलं. सगळं. टोपणं, सह्या, जिना, तिला बुधवारी येऊ नका म्हटलं ते.

ती नवऱ्याच्या ओठावरची पेज पुसत राहिली. मग म्हणाली, "मी तुमाला च्या पाजला."

मी म्हटलं, "हो."

"माज्या ह्यांच्या वाटचा पाजला."

मी कप खाली ठेवला.

"आन त्या पोरीला काय काय बोलले मी. समद्या वॉर्डात. तिच्या आईबापापत्तुर गेले. ती नुसती हात जोडून हुबी व्हती. तुमी बाजूला हुब्या व्हता."

"हो."

"उठा. जावा आता."

मी चपला घालत होते तेव्हा आतून हाक आली. तिने तिचा बटणांचा फोन माझ्यापुढे धरला. "मला वाचाय येत न्हाई. तिचा नंबर लावून द्या. आन मंग जावा."

मी दाबून दिला. तो मला पाठ आहे. रिंग वाजत राहिली, तू उचलला नाहीस. तिने तो कानाला तसाच धरून ठेवला, बंद पडेपर्यंत. मी जिना उतरले तेव्हा ती शेजारच्या मुलीला सांगत होती, "परत लाव."

आज सकाळी मी रस्त्यात त्या मुलीला गाठून विचारलं. म्हणाली, आजी कालपासून सहा वेळा लावायला सांगतेय. तिकडून कुणी घेत नाही तरी.

मालनबाई काय बोलतील मला माहीत नाही. माफी मागतील, की रडतील, की परत एकदा शिव्या देतील आणि मग रडतील. माझा नंबर ब्लॉकच राहू दे, माझ्याशी बोलू नकोस, ते मी समजू शकते. पण तुझ्या फोनवर पुण्याचा एक अनोळखी नंबर सारखा वाजत असेल. तो त्यांचा आहे.

तो उचल.

कल्याणी